अक्कांसाठी बॅग

३ फेब्रुवारी, रविवार

उद्या घरात कामाला बाई येणार. नुसती येणार नाही, राहणार. म्हणून आज सकाळपासून घर साफ करतो आहे. फ्रीजची मागची बाजू, शेगडीखालचा ओटा, न्हाणीघरातल्या फरश्यांमधल्या रेघा. परक्या माणसाने येऊन आपली घाण बघावी हे मला सहन होत नाही. आई पलंगावरून सगळे बघत होती. शेवटी म्हणाली, "कामाला बाई येणार म्हणून घर घासून ठेवणारा तूच पहिला. तिच्यासाठी एखादा कोपरा तरी मळका ठेव रे."

आई बोलते ती नेहमी अशीच. पण आज आवाजात धास्ती होती असे मला वाटले. तिने सारा जन्म लोकांच्या घरी काम केले, त्यातली बरीच वर्षे त्यांच्याच घरी राहून. मी आणि ताई आजीकडे वाढलो. आता तिच्याच घरी कुणी राहून काम करणार, हे तिला गिळवत नाही.

पण इलाज नाही. खुबा मोडून ऑपरेशन झाल्यापासून तिला वॉकर धरून चार पावले टाकता येतात, तीही कुणी शेजारी असेल तर. इतके दिवस मी घरी राहिलो. आता फ्रेमच्या दुकानाचे मालक म्हणतात, ये, कामे तुंबली आहेत. शिवाय आईला आंघोळ घालायला मी चालत नाही आणि शेजारीण तरी किती दिवस येणार? ताईने फोनवर सांगून टाकले आहे, "महिनाभर बघू. नीट जमलं तर ठीक. नाहीतर मी आईला माझ्याकडे नेते, मग तू एकट्यासाठी ते घर ठेवायची गरज नाही." ताईचे मन चांगले आहे. पण आई म्हणते, ती मोठ्या इमारतीत सातव्या मजल्यावर राहते, तिथे मी म्हणजे खुर्चीत ठेवलेली पाहुणी. हे घर आईने उतारवयात मिळवले. इथून तिला हलायचे नाही.

माझी खोली बाईंना द्यायची आणि मी बाहेरच्या खोलीत झोपायचे असे ठरवले. आईने विचारले, "त्या दाराला आतून कडी आहे?"

नव्हती. मला कधी लागलीच नाही.

"मग आधी ती बसव. बाकी घर मळकं राहिलं तरी चालेल."

दुकानातून चांगली जाड कडी आणून बसवली. आई वॉकर घेऊन आत गेली आणि तिने कडी लावून घेतली. बराच वेळ दार उघडेना. मी घाबरून हाका मारल्या. बाहेर आली तेव्हा फक्त म्हणाली, "बरी बसलीय."


४ फेब्रुवारी, सोमवार

आल्या. हातात एक बॅग, तिचा पट्टा तुटलेला, सुतळीने बांधलेला. काखेत स्वतःची उशी. वयाने आईपेक्षा बऱ्याच लहान, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. मी तोंड उघडून "मावशी" म्हणणार तोच आई म्हणाली, "मावशी नको. मला जन्मभर मावशी म्हणाले. ज्या बाईचं नाव विचारायची कुणी तसदी घेत नाही तिला मावशी म्हणतात."

त्यांनी नाव सांगितले. आई त्यांना नावाने हाक मारणार. मला ते जड जाते. त्या म्हणाल्या, "माझी धाकटी भावंडं अक्का म्हणतात." तेच ठरले. त्या मला दादा म्हणतात आणि आईला माई. नाव इथे लिहीत नाही, वही कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

जेवायच्या वेळी त्या ताट घेऊन स्वयंपाकघरात निघाल्या. मी म्हटले, "अक्का, या घरात असं चालत नाही. तुम्ही आमच्याबरोबर टेबलाशीच बसायचं." मनातल्या मनात हे वाक्य मी कालपासून तयार केले होते. त्या बसल्या. खुर्चीच्या कडेवर. अगदी थोडे जेवल्या. भूक कमी दिसते.

आई त्यांच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे बघितले, मग भात चिवडत बसली.


५ फेब्रुवारी, मंगळवार

जेवण झाल्यावर माझे ताट मीच धुतले. नेहमी धुतो. अक्का नळापाशी येऊन उभ्या राहिल्या. "द्या ना दादा." मी म्हटले, "राहू द्या, तुम्ही बसा." मग आईचे आणि त्यांचेही ताट धुऊन टाकले, नाही तरी हात ओले झालेच होते. आपल्या घरात कुणाला मोलकरीण असल्यासारखे वाटू नये एवढीच माझी इच्छा.

आई म्हणाली, "आता तिनं काय करायचं? माझं तोंड बघत बसायचं?"

चहा फार गोड करतात. सांगणार नाही. नव्या माणसाला पहिल्याच दिवसापासून टोकणे बरे नाही.


७ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात रुजू झालो. मालकांनी माझी करवत कुणालाही वापरू दिली नव्हती, हे पाहून बरे वाटले. चौकटीचा कोपरा जुळतो की नाही हे पट्टी कापतानाच ठरते. एक केसभर चुकले की चारही कोपऱ्यांत फट दिसते. दिवसभर एकही फट पडू दिली नाही. पण सारखे मनात, घरी काय चालले असेल.

घरी आलो तर आई पलंगावर उशांना टेकून राणीसारखी बसली होती. "चहा कोमट आहे. परत करून आण." आवाज तिचा नव्हता. आई पूर्वी आम्हाला हसवायला एका मालकिणीची नक्कल करून दाखवायची, तोच तो नाकातला सूर. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी आत जाऊन अक्कांची माफी मागितली. म्हटले, ती मनाने तशी नाही. त्या पाठमोऱ्या होत्या, खांदे हलत होते. मी जवळ गेलो तर हसत होत्या. बिचाऱ्यांना अपमान हसण्यावारी न्यायची सवय झाली असेल.

माझे शर्ट त्यांनी घडी करून ठेवले होते. बाह्या मागे न घेता पुढे दुमडल्या होत्या. त्या झोपायला गेल्यावर सगळे उलगडून पुन्हा घड्या घातल्या. त्यांना कळणार नाही.


१० फेब्रुवारी, रविवार

आज अक्कांना पूर्ण विश्रांती दिली. झाडून, पुसून, भाजी चिरून, सगळे मीच केले. त्या भिंतीजवळच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. दोनदा उठल्या, दोन्ही वेळा मी बसवले.

"माझं काही चुकलं का दादा?"

"छे छे! अजिबात नाही."

"नाही, असेल तर सांगा."

"काही नाही हो. तुम्ही फक्त बसा."

तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी जरा जास्तच गोड हसलो. आई एक शब्द बोलली नाही. ती गप्प असते तेव्हा मला काळजी वाटते, पण आज तिचा पाय दुखत असावा.

संध्याकाळी अक्का गॅलरीत फोनवर होत्या. मी कपडे काढायला गेलो तेव्हा कानावर पडले, "हो, बघून ठेव ना. लांब असलं तरी चालेल. लवकर लागेल." धाकट्या बहिणीशी बोलत होत्या. कुणासाठी तरी खोली बघत असाव्यात. दुसऱ्यांच्या उपयोगी पडणाऱ्या बाई आहेत.

पहिला आठवडा निभावला. ताईला फोन करून सांगितले, अक्का एकदम खूश आहेत.


१३ फेब्रुवारी, बुधवार

आज सकाळी एक मोठी फ्रेम जुळवत होतो. मालक आले, काही न बोलता माझ्या हातातून घेतली आणि स्वतः जुळवायला लागले. मी म्हटले, "काही चुकलं का मालक?" ते म्हणाले, "नाही नाही. तू बस." मी बसलो. त्यांनी कोपऱ्यांना पिना ठोकल्या, मागचा पुठ्ठा लावला, काचही स्वतः पुसली. दुपारी दुसरी फ्रेमही त्यांनीच घेतली. मी स्टुलावर बसून होतो. बसून राहण्याइतके अवघड काम दुसरे नाही.

मालक कधी कुणाला स्पष्ट काढून टाकत नाहीत. आधीच्या माणसालाही असेच चार दिवस बसवून ठेवले होते म्हणे. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. इथून गेलो तर कोण उभे करणार?

घरी कुणाला सांगितले नाही. अक्कांनी विचारले, "दादा, बरं नाही का?" मी म्हटले, ठीक आहे. त्याही आज गप्प होत्या. आम्ही तिघे टेबलाशी बसून जेवलो.


१५ फेब्रुवारी, शुक्रवार

उगाच घाबरलो! मालकांचे घरी भांडण झाले होते. आज मिटले. स्वतःच हसत म्हणाले, "अरे, हात रिकामा राहिला की डोक्यात घरचं घोळतं. म्हणून तुझं काम हिसकावलं. तुझ्या कोपऱ्याची सर माझ्या कोपऱ्याला येते का? बघ, दोन्ही फ्रेमांना फट पडलीय, परत कर." इतका आनंद झाला की त्या दोन्ही फ्रेमा मी लगेच उकलून बसलो.

त्या आनंदात घरी येताना अक्कांसाठी भेट घेतली. काय घ्यावे यावर पुष्कळ विचार केला. साडी, चप्पल यांत आवडनिवड येते. मग एकदम आठवले, त्यांची बॅग फाटकी आहे. चांगली मोठी बॅग घेतली, भक्कम चेनची, चाके असलेली. दुकानदारासमोर चेन दहा वेळा उघडून, लावून पाहिली.

अक्कांना दिली. म्हटले, "तुमची जुनी फार खराब झालीय. ही तुम्हाला पुढं उपयोगी पडेल."

त्यांनी बॅग हातात घेतली. डोळ्यांत पाणी आले. "बरं दादा," एवढेच म्हणाल्या आणि आत जाऊन आतून कडी लावली.

इतक्या लहान गोष्टीने माणसाला किती भरून येते!

आईला सांगितले तर तिने कपाळावर हात मारून घेतला. तिला वाटते मी उधळपट्टी करतो.


१८ फेब्रुवारी, सोमवार

अक्कांच्या कामाला आता जी धार आली आहे ती बघण्यासारखी आहे. काल रविवार असूनही माझे ऐकले नाही. पडदे धुतले, डबे रिकामे करून पुसले, खिडक्यांचे गज चकचकीत केले. आज मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेले आणि सगळे दाखवले. "या डब्यात तांदूळ, हा दळलेला मसाला, माईंच्या सकाळच्या गोळ्या या खणात, संध्याकाळच्या त्या. आंघोळीच्या आधी गुडघ्याला तेल, नंतर नाही. डावीकडून उठवायचं, उजवीकडून त्यांना भीती वाटते." मी म्हटले, "अक्का, हे तुम्हाला माहीत आहे ना, झालं तर." त्या म्हणाल्या, "तुम्हालाही असू दे."

जबाबदार बाई. ताई म्हणत होती, चांगली माणसे मिळत नाहीत. मिळतात. आपण चांगले वागलो की मिळतात.


१९ फेब्रुवारी, मंगळवार

आज अक्का भाजी आणायला खाली गेल्या तेव्हा आईने मला पलंगाशी बोलावले. "बस इथं. गाढवा."

बसलो.

"ती शनिवारी चालली."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? काम सोडून. तू घालवलीस तिला."

मी? मी तर त्यांना फुलासारखे जपले. आईने बोट नाचवत एकेक सांगितले. लिहिताना कान गरम होत आहेत.

"मालकीण आपली कपबशी स्वतः विसळायला लागली की आम्ही काय ओळखायचो माहितीय? आता दिवस भरले. तोंडावर जा म्हणायची लाज वाटते ना लोकांना. मग आधी काम काढून घेतात. तुम्ही बसा, तुम्ही दमलात, तुम्ही राहू द्या. आणि गोड बोलतात. गोड बोलणं सुरू झालं की मी सामान आवरायला घ्यायची. एका घरी जाताना मला मिठाईचा पुडा दिला. तू तर बॅग दिलीस रे! चाकांची!"

"पण मी त्यांना बसवलं ते…"

"तुला कुणी काम काढून घेऊन बसवलं तर कसं वाटेल?"

मला एकदम स्टूल आठवले. मालकांच्या हातातली माझी फ्रेम आठवली. "नाही नाही, तू बस." मीही अक्कांना हेच म्हणत होतो. अगदी याच शब्दांत.

"तुला हे सगळं दिसत होतं," मी आईला म्हणालो. "मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

आईने चादरीची कड सारखी केली. "पहिल्यांदा म्हटलं, जाते तर जाऊ दे. मला नकोच होतं कुणी. मुद्दाम चहा कोमट आहे म्हणायची. एकदा तू नसताना तिनं कप माझ्यासमोर आपटला. म्हणाली, माई, चहा कोमट नव्हता, तुम्ही तोंड चालवत बसलात तोवर निवला. आता गार प्या." आई हसायला लागली, खुबा धरून हसली. "तेव्हापासून आवडते मला ती. दिवसभर भांडतो आम्ही. तू आलास की गप्प बसते, तुला घाबरून."

मला घाबरून! मला आजवर मांजरही घाबरलेले नाही.

"मग तूच तिला सांग ना, राहा म्हणून."

"मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारीला दया आली. घर तू चालवतोस. तू सांग. आणि हे बघ, भाषण करू नकोस."

अक्का गेल्या तर ताई आईला घेऊन जाणार. आईने ते म्हटले नाही. पण ती खिडकीकडे बघत होती.


२० फेब्रुवारी, बुधवार

भाषण केले.

आईने बजावले होते, तरी घाबरून झाले. दुकानातून आल्या आल्या म्हणालो, "अक्का, आमच्या मनात तुमच्याविषयी अत्यंत आदर आहे आणि तुमच्या कामाबद्दल आमची कसलीही तक्रार नाही…"

त्यांचा चेहरा पडला. "कळलं होतं मला दादा. शनिवारी सकाळी निघते. माईंचं तेवढं दुसरं कुणी मिळेपर्यंत…"

"नाही! तसं नाही!"

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

म्हणजे मीच त्यांना काढत होतो आणि त्याच माझी समजूत घालत होत्या. जितके गोड बोलावे तितक्या त्या दाराकडे सरकत होत्या. आत आईने वॉकर जमिनीवर आपटला. मग मला काय झाले माहीत नाही, तोंडातून निघाले, "चहा फार गोड करता तुम्ही!"

त्या थांबल्या.

"काय?"

"चहा. पाक असतो नुसता. पहिल्या दिवसापासून. आणि शर्टाच्या बाह्या पुढं दुमडता, त्यानं छातीवर वळ्या पडतात, मी रोज परत घड्या घालतो. आणि भाजीचा चमचा भाताच्या पातेल्यात घालता. आणि गॅलरीचं दार उघडं ठेवता, धूळ येते. आणि माझी मोजपट्टी खिडकीत ठेवली होती ती कुठं गेली?" एकदा बांध फुटल्यावर मला थांबवेना. आवाजही चढला असावा.

अक्कांनी कमरेवर हात ठेवले. "मग हे पंधरा दिवस तोंडाला कुलूप होतं का?"

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाईट? रोज तुमच्या कपाटात बघते तर शर्टांच्या घड्या निराळ्या! मला वाटलं घरात भूत आहे. नाहीतर माझा हात यांना चालत नाही."

"तसं नाही हो."

"आणि मीही बोलू का?"

"बोला."

"ओला टॉवेल पलंगावर टाकता. दाढीचे केस बेसिनमध्ये चिकटलेले असतात, तरी म्हणे टापटीप! भाजी चिरता ती फुटपट्टीनं मोजून, एक भोपळा चिरायला अर्धा दिवस, मला बघवत नाही. आणि मला तुमच्या टेबलाशी जेवायला बसवू नका."

हे मात्र मला लागले. "का? तुम्ही घरच्यासारख्या…"

"तुमचा मान मोठा आहे दादा. पण घास घशात अडकतो. माईंना काय हवं, तुम्हाला काय हवं, यातच डोळे असतात. माझं ताट घेऊन मी स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसले की खालचा रस्ता दिसतो. पाय सोडून बसता येतं. दिवसातला तेवढा वेळ कुणी माझ्याकडे बघत नाही."

आतून आईचा आवाज आला, "पहिल्या दिवशीच सांगणार होते मी! पण हा ऐकतोय कुणाचं!"

"माई, तुम्ही मध्ये बोलू नका, आमचं चाललंय!" अक्का ओरडल्या.

मी विचारले, "मग शनिवारी…"

"शनिवारी काय? पडदे धुतलेत ते कोण टांगणार, तुम्ही? टेप लावून?" आणि त्या आत गेल्या. जाताना गॅलरीचे दार लावले, जरा जोरातच.

बॅगेचे काय करायचे ते विचारायला धीर झाला नाही. झोपण्याआधी बघितले तर तिच्यात जादा पांघरुणे भरून ती माळ्यावर टाकलेली होती.


२४ फेब्रुवारी, रविवार

ताट टेबलावर तसेच ठेवून उठणे मला अजून जमत नाही. हात आपोआप जातो. काल उचलले तर अक्का म्हणाल्या, "ठेवा!" ठेवले. मग दुकानात जाईपर्यंत चुकल्यासारखे वाटत राहिले.

जेवताना आता टेबलाशी मी आणि आईच असतो. स्वयंपाकघरातून अक्कांचे गुणगुणणे ऐकू येते. त्यांना भूक चांगली आहे.

शर्टांच्या बाह्या आता मागे जातात. चहा थोडा फिका झाला आहे, पाहिजे त्याहून किंचित जास्तच. हे सांगायचे की नाही यावर सध्या विचार चालू आहे.


२ मार्च, शनिवार

ताई आली. महिना भरत आला म्हणून निकाल द्यायला. जिना चढतानाच तिला आतला आरडाओरडा ऐकू आला. मी तिला घ्यायला खाली गेलो होतो.

"पाय उचला म्हटलं ना माई! नखऱ्यानं खुबा बरा होत नसतो."

"तू उचलून दाखव गं! स्वतःला वाकता येत नाही, मला शिकवते."

"मला वाकता येत नाही? हे बघा!"

ताईने माझा दंड धरला. "ही बाई आईशी भांडते?"

"रोज," मी म्हणालो. खोटे बोलता आले असते, पण सुचले नाही.

दार उघडून आत गेलो तर दोघी पलंगाच्या दोन टोकांना, दोघींचाही एकेक पाय हवेत. आईचा जास्त वर होता. ताई बघतच राहिली. महिन्याभरापूर्वी तो पाय उशीवरून हलत नव्हता.

जेवल्यावर ताईने आईशेजारी बसून विषय काढला. "आई, माझ्याकडे तुला सगळे जपतील. कुणी वर तोंड करून बोलणार नाही."

"तेच तर," आई म्हणाली. "तुझ्याकडे सगळे हो आई, बरं आई. मी काय देव्हाऱ्यातली मूर्ती आहे? इथं निदान भांडायला माणूस आहे. भांडण करायला उठून तरी बसावं लागतं."

ताई हसली आणि थोडी रडलीही. जाताना अक्कांना म्हणाली, "सांभाळा हं." अक्का म्हणाल्या, "कुणाला? म्हातारीला की दादांना?" ताई जिना उतरेपर्यंत हसत होती. घर सोडण्याबद्दल ती पुन्हा काही बोलली नाही. मी विचारलेही नाही. काही गोष्टी विचारून पक्क्या करायच्या नसतात, हे मी हळूहळू शिकतो आहे. (तरी ती गेल्यावर फोन करून विचारलेच. म्हणाली, "अरे बाबा, राहा तिथंच.")


५ मार्च, मंगळवार

दुकानातून आलो तर अक्का दारातच उभ्या. चेहरा गंभीर. "दादा, एक बोलायचं होतं."

परवाच मी फिक्या चहाबद्दल बोललो होतो. बोलायला नको होते.

"येत्या रविवारी मला सुट्टी पाहिजे. बहिणीकडे जायचंय. संध्याकाळपर्यंत येते."

मी हो म्हटले, अगदी जोरजोरात मान हलवून हो म्हटले. मग आत जाऊन आईच्या पलंगावर बसलो. हळू आवाजात सांगितले, अक्का रविवारी बहिणीकडे जात आहेत. त्याच बहिणीकडे, जिला त्या दिवशी गॅलरीतून फोनवर दुसरे काम (मला वाटले होते खोली) बघून ठेवायला सांगितले होते. आता काय करायचे? आपले पुन्हा काही चुकले का?

आई विणत होती. तिने वरसुद्धा बघितले नाही.

"वेड्या," ती म्हणाली, "जाणारी माणसं सुट्टी मागत नाहीत."

रविवारी आईची आंघोळ सोडून बाकी सगळे माझ्याकडे. आंघोळ अक्का जाण्याआधी उरकणार आहेत. भोपळा आणून ठेवला आहे. स्वयंपाकघरात कुणी बघणारे नसल्यामुळे तो मोजून चिरायचे ठरवले आहे.